तार लावणं आणि तारेत असणं

मराठीत 'तार' हा शब्द दोन घरी नांदतो. तंबोऱ्याची तार लावतात, आणि भांग प्यायलेल्यालाही तार लागते. पंचाईत अशी की ही दोन कामं एकत्र जमत नाहीत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात, जवारीचा दोरा. तो केसभर मागंपुढं झाला की कोंडलेला आवाज एकदम खुलतो आणि खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. दोरा नेमका कुठं थांबवायचा हे कानानं ठरवायचं असतं. तारेत असलेल्या माणसाला सगळंच खुललेलं वाटतं, त्यामुळे त्याला तो कुठंही थांबवला तरी चालतो.

नशा केली की संगीत चांगलं सुचतं का, हा प्रश्न दादरच्या मैफलीनंतरच्या चहावरही निघतो आणि वांद्र्याच्या क्लबबाहेरही. त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत: चाल सुचणं, सुचलेल्यातलं निवडणं, आणि निवडलेलं बसवणं. दारू, गांजा, गर्द (ब्राउन शुगर), एमडी, एलएसडी या सगळ्यांचा या तीन कामांवरचा परिणाम वेगवेगळा आहे. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे दिसते: सगळ्यात आधी निवडणारा माणूस बिघडतो, आणि बिघडलाय हे त्याला स्वतःला कळत नाही.

आतला परीक्षक

२००८ साली चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन या संशोधकांनी ६ जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवलं, त्यांच्याजवळ छोटा कीबोर्ड दिला आणि वाजवायला सांगितलं. एकदा पाठ केलेलं, एकदा मनानं वाढवत न्यायचं. उपज चालू असताना मेंदूच्या पुढच्या भागातला बाजूचा पट्टा शांत झालेला दिसला. आपल्या हातून काय घडतंय यावर नजर ठेवणं, चुका पकडणं, हे त्या पट्ट्याचं काम. त्याच वेळी, स्वतःचं काही सांगण्याशी जोडलेला मधला भाग जागा झाला. म्हणजे कसलेला कलाकार वाढवत नेताना आतल्या परीक्षकाला थोडा वेळ बाहेर बसवतो. नोटेशन बघून वाजवताना तोच परीक्षक पुन्हा खुर्चीवर असतो.

नशेचं आकर्षण नेमकं इथं आहे. दोन पेग किंवा दोन झुरके परीक्षकाला गप्प करतात, आणि अडलेला माणूस मोकळा होतो. हे खोटं नाही. अडचण अशी की रियाझी माणूस समेच्या दोन मात्रा आधी परीक्षकाला हाक मारून आत घेतो. नशेनं झोपवलेला परीक्षक हाकेला ओ देत नाही.

गांज्याबद्दल मोजमापासह सांगता येतं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली नियमित गांजा घेणाऱ्यांचे गट केले. एका गटाला ५.५ मिलिग्रॅम टीएचसी, एकाला २२ मिलिग्रॅम, एकाला नुसता देखावा, म्हणजे टीएचसी नसलेला डोस. टीएचसी म्हणजे गांज्यातलं झिंग आणणारं रसायन. मग एखाद्या साध्या वस्तूचे सुचतील तितके उपयोग सांगा, अशा धर्तीची चाचणी घेतली. ५.५ वाल्यांना देखावा घेतलेल्यांपेक्षा जास्त काही सुचलं नाही. २२ वाल्यांना उलट कमी सुचलं. आता हिशेब करा: ०.३ ग्रॅम गांज्यात १० टक्के टीएचसी धरलं तर ३० मिलिग्रॅम होतं. जळण्यात त्यातलं बरंच वाया जातं, तरी दोघातिघांत फिरणाऱ्या सिगारेटीतून कुणाच्या पोटात किती गेलं हे कोण मोजतंय?

त्याहून बोलका अभ्यास २०२२ सालचा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा. गांजा घेतलेल्यांची मनःस्थिती उल्हसित झाली, आणि त्यांना स्वतःच्या कल्पना जास्त नवीन वाटल्या. दुसऱ्यांच्या कल्पनाही जास्त नवीन वाटल्या. पण त्रयस्थ परीक्षकांना त्या कल्पनांत विशेष काही सापडलं नाही. रात्री दोनला 'हिट आहे हिट' म्हणून फोनमध्ये भरून ठेवलेली धून सकाळी ऐकवत नाही, त्याचं कारण हेच.

एलएसडी म्हणजे भास घडवणारं 'ॲसिड'. त्याचं काम आणखी निराळं. ते मेंदूत सेरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. संशोधक त्याला '५-एचटी-२ए' म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या २०१७ च्या एका प्रयोगात लोकांनी जी गाणी 'माझ्या लेखी याला काही अर्थ नाही' म्हणून बाजूला काढली होती, तीच गाणी एलएसडीखाली त्यांना अर्थपूर्ण वाटू लागली. तो ग्राहक आधीच औषधानं बंद केला, तर परिणाम नाहीसा झाला. श्रोत्याला यात आनंद असेल. संगीतकाराला मात्र हा सापळा आहे, कारण त्याचं निम्मं काम 'याला अर्थ नाही, काढून टाक' असं म्हणण्याचंच असतं.

शंका असेल तर एक साधी परीक्षा करता येते. आधीच जमलेल्या रेकॉर्डिंगमधून झिंगेतले ४ तुकडे घ्या, शुद्धीतले ४ घ्या. फाइलींची नावं काढून १ ते ८ आकडे द्या. सगळ्यांची आवाजाची पातळी सारखी करा. ही पायरी चुकवू नका, कारण एखाद्या डेसिबलनं मोठा वाजणारा तुकडा कानाला उगाचच चांगला वाटतो. मग बँडबाहेरच्या कुणाला तरी ऐकवा आणि गप्प बसा.

मात्रा कुठं गेली?

चाल सुचण्यावर वाद घालता येतो, लयीवर येत नाही; ती मिलिसेकंदांत मोजता येते. १२० च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १२५ चा. दोन वाद्यांचे आघात २०-३० मिलिसेकंदांनी फाकले की 'धा'चं 'धधा' ऐकू येतं.

टीएचसीचे ग्राहक मेंदूत ज्या ठिकाणी दाटीनं आहेत, त्यात लहान मेंदू आणि वेळेचा अंदाज ठेवणारी खोलवरची केंद्रंही येतात. टीएचसीखाली आतलं घड्याळ पुढं पळतं. बाहेरचे दहा सेकंद बारा-पंधरा वाटतात, आणि 'दहा सेकंद झाले की सांग' म्हटलं तर माणूस आधीच सांगतो. नवख्याला हे जास्त जाणवतं, रोजच्याला कमी. संगीतात त्याचं रूप असं: मेट्रोनोमचा क्लिक संथ वाटतो, गाणं लांबलंय असं वाटतं, दोन सुरांमधली जागा प्रशस्त भासते, आणि एकट्यानं वाजवताना हात पुढं धावतो. विलंबित एकतालात मात्रा ४ सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं. आतला अंदाज ५ टक्के जरी आखूड झाला, तरी मुखडा जवळपास अडीच सेकंद आधी येऊन दारात उभा राहतो. ठेका चालू असतो म्हणून गायक सावरतो. घरी कीबोर्डवर एकटाच चाल बांधणाऱ्याला सावरायला ठेका नसतो.

शिवाय गांजा चालती आठवण आखूड करतो. ज्या आठवणीत आपण आत्ताचा आलाप आणि मागचा आलाप एकमेकांशेजारी ठेवतो, तीच ही. म्हणून झिंगेतली उपज पुष्कळदा त्याच चार सुरांभोवती फिरते. वाजवणाऱ्याला प्रत्येक फेरी नवी असते, ऐकणाऱ्याला नसते.

दारूचा मार्ग वेगळा. ती लहान मेंदूला सुस्त करते, आघात कधी आधी तर कधी नंतर पडतात, म्हणजे विखुरतात. तबल्यावर 'तिरकिट' पुसट होतं ते यामुळे: बोटं उठतात, पण सारख्या अंतरानं नाही. कानांवरही परिणाम होतो. २००७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दारूनंतर ऐकू येण्याचा उंबरठा तात्पुरता वर गेलेला आढळला, वरच्या फ्रीक्वेन्सींपेक्षा खालच्यांचा जास्त, आणि १००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडून आतल्या कानाला वाचवतो. दारूनं तोही उशिरा जागा होतो. मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्यानं दोन घेतले की सगळे फेडर रात्रभर वर वर का सरकतात, हे आता कळलं असेल.

'घसा गरम होतो' म्हणजे काय होतं

गणपतीतला बेंजो पथकवाला असो की लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला गायक, कोमट पाण्यात ब्रँडी घेतली की घसा मोकळा होतो ही समजूत पक्की आहे. घशातल्या नसांवर उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. ते साधारण ४२ अंश सेल्सियसला 'भाजतंय' म्हणून ओरडतात. अल्कोहोलमुळे त्यांचा हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास येतो. आपलं शरीरच ३७ अंशांचं, तेव्हा त्यांना आपलंच अंग गरम लागायला लागतं. घसा होता तितकाच गरम असतो, नुसती नस फसलेली असते.

स्वरतंतूंना तर दारू शिवतही नाही. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि पेय अन्ननलिकेतून खाली जातं. स्वरतंतूंना जे भोगावं लागतं ते नंतर, आडवाटेनं. लघवी वाढून शरीर कोरडं पडतं, तंतूंवरचा ओलसर थर दाट होतो. रक्तवाहिन्या रुंदावतात. जठराच्या तोंडाची झडप सैलावते आणि रात्री आडवं झाल्यावर आम्ल वर येऊन घशाची मागची बाजू भाजतं. काळी पाचचा सा लावला की तंतू सेकंदाला साधारण २३३ वेळा एकमेकांवर आपटतात. फुगलेल्या, कोरड्या तंतूंवर तासभर हे चाललं, आणि दुखतंय हे सांगणारी नस दारूनं बधिर केलेली असली, तर वरच्या पट्टीतल्या एखाद्या हाकेला आतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. मग आवाज एका क्षणात जातो, आणि नंतरचे आठवडे मौनात काढावे लागतात.

धुराचं तसं नाही. तो थेट तंतूंवरूनच आत जातो. गांजाचा झुरका खोल ओढून आत धरतात, त्यामुळे संपर्क लांबतो. वर्षानुवर्षांच्या सिगारेटीनं तंतूंच्या वरच्या थरात पाणी साठतं, तंतू जड होतात आणि आवाजाची पट्टी खाली येते. 'काय मस्त खर्ज लागलाय' म्हणून ज्याचं कौतुक होतं, ती कधीकधी सूज असते.

आता क्वार्टरचा हिशेब, कारण स्टेजपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या स्टुडिओत तो जास्त नडतो. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के अल्कोहोल: म्हणजे ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम निकालात काढतं. रात्री ११ ला क्वार्टर संपली तर सकाळी ७ पर्यंत हे काम चालूच असतं. ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी, आंघोळ, कशानंही ते लवकर आटपत नाही. नऊच्या शिफ्टला अंधेरीत माइकसमोर उभा राहिलेला गायक शुद्धीत असेल, पण कोरडा, न झोपलेला आणि आम्लानं पोळलेला असतो. रेकॉर्डिस्टला ते पहिल्याच 'स'कारात ऐकू येतं.

स्टेजची भीती घालवायला दारू घेणाऱ्यांना एक माहिती असलेली बरी. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत त्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधं वापरतात. १९८७ च्या अमेरिकन वाद्यवृंदांच्या मोठ्या पाहणीत २७ टक्के वादकांनी ती घेतल्याचं सांगितलं. ती हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी करतात. कल्पना देत नाहीत, झिंगही आणत नाहीत. पण दमा असेल तर श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं, आणि नाडी किंवा रक्तदाब मुळात कमी असेल तरी धोका आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मित्राच्या पाकिटातून घ्यायची ही गोळी नव्हे.

ज्याला 'नशेचा आवाज' म्हणतात

इथं खरा गोंधळ आहे. एखादं गाणं नशिलं वाटतं म्हणजे ते नशेत केलंय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आवाज घडवायला फार शुद्ध डोकं लागतं.

बीटल्स या ब्रिटिश बँडचा १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम घ्या. त्यांच्यातल्या काहींनी तोवर एलएसडी घेतलं होतं, हे त्यांनीच सांगितलंय. पण ती धूसर, फिरती दुनिया उभी केली लंडनच्या स्टुडिओतल्या नोकरदार तंत्रज्ञांनी. केन टाउनसेंड यांनी गायकाला तेच पुन्हा गायला न लावता आवाज दुहेरी करायची युक्ती काढली: दुसऱ्या टेपयंत्रावर प्रत घ्यायची, त्याचा वेग किंचित हलवत ठेवायचा आणि ती काही मिलिसेकंद मागं सोडायची. बँडमधल्या जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला गेला. टेपची वेटोळी अनेक यंत्रांवर एकदम फिरत होती आणि ती ताणलेली राहावीत म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी होती. आता दुसरी बाजू पाहा. २१ मार्च १९६७ ला लेननच्या पोटात चुकून एलएसडी गेलं, आणि तेही रेकॉर्डिंग चालू असताना. त्या रात्री नवं युग वगैरे अवतरलं नाही. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 'मोकळी हवा घे' म्हणून त्याला गच्चीवर नेलं, आणि काय झालंय हे कळल्यावर सोबत्यांनी धावत जाऊन त्याला खाली आणलं. त्याचं काम तिथंच थांबलं.

जमैकाच्या डब संगीताला सरसकट गांजाचं संगीत म्हणतात. त्याचा एक शिल्पकार किंग टबी हा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. कन्सोलवरच्या हाय-पास फिल्टरचं मोठं बटण टप्प्याटप्प्यानं फिरवून तो ढोलातला खालचा भाग काढून घ्यायचा, उरलेला 'चक्' टेप-इकोत सोडायचा. नेमक्या ठोक्यावर बटण फिरवायला स्थिर हात लागतो.

आणि मुंबईचं उदाहरण तर जगात गाजलेलं आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एक एलपी केली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. त्यात रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं होती, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. हे ३०३ म्हणजे बास गिटारवाल्याच्या जागी वाजावं म्हणून काढलेली छोटी पेटी. १६ घरांत सूर भरायचे, कुठल्या घराला जोर आणि कुठून कुठं घसरायचं ते ठरवायचं. घसरतं घर म्हणजे ओबडधोबड मींडच. मग फिल्टरची 'कटऑफ' आणि 'रेझोनन्स' ही दोन बटणं फिरवली की सूर चिखलात पाय रुतल्यासारखा 'च्वॅव' करून उघडतो. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या फ्युचर या गटानं त्याच पेटीतून तसाच आवाज काढला. त्याला 'ॲसिड हाउस' हे नाव पडलं आणि पुढं अख्ख्या नाचसंस्कृतीचा आवाज म्हणून तो ओळखला गेला. मुंबईत तो आवाज भैरवाच्या ओघात, कुठल्याही ॲसिड पार्टीविना येऊन गेला होता. २०१० मध्ये ती एलपी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले ऐकणारे चक्रावले. यंत्र तेच, बटणं तीच. झिंग ऐकणाऱ्यांनी नंतर चिकटवली.

आपल्याकडे पडद्यावर चिलीम फिरली की मागचं संगीतही 'तसलं' वाटतं. १९७१ चं 'दम मारो दम' आठवा. आर. डी. बर्मन यांची चाल, आशा भोसले यांचा आवाज, भूपिंदर सिंग यांची गिटार. शिफ्ट लावून, नोटेशन समोर ठेवून, तास मोजून काम करणाऱ्या वादकांच्या जगातून ते गाणं आलंय.

हल्ली सगळ्यात जास्त ऐकला जाणारा नशिला आवाज म्हणजे जुन्या हिंदी गाण्यांची 'स्लोड अँड रिव्हर्ब', म्हणजे संथ करून घुमारा दिलेली आवृत्ती. तिचं मूळ ह्युस्टनच्या डीजे स्क्रूकडे जातं. त्यानं नव्वदच्या दशकात रॅपच्या रेकॉर्डी संथ करून कॅसेटी काढल्या. त्या शहरात कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पिण्याची टूम होती आणि हे संगीत तिच्याशी जोडलं गेलं. १६ नोव्हेंबर २००० ला, २९ व्या वर्षी तो गेला. मृत्यूत कोडीनचा वाटा होता. कोडीन शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिन होतो, श्वास मंदावतो, आणि वर दारू असेल तर झोपेतच थांबू शकतो. आवाज संथ करायला मात्र एक थेंबही लागत नाही. टेपचा वेग कमी केला की लय आणि सूर दोन्ही एकत्र उतरतात. गाणं काळी चारमध्ये, टेम्पो १००. वेग ८४.०९ टक्के केला की बरोबर ३ अर्धस्वर उतरून गाणं पांढरी चारमध्ये येतं, टेम्पो ८४. पुष्कळ जण गोल आकडा म्हणून ८५ टक्के ठेवतात आणि इथं फसतात: उतार २.८१ अर्धस्वरांचा होतो, गाणं पांढरी चारच्या किंचित वर लटकतं, आणि त्यावर पेटी किंवा बासरी घातली की बेसूर लागतं. इकोची वेळ ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे ८४ ला ७१४ मिलिसेकंद. डुलता इको हवा असेल तर त्याचा पाऊण हिस्सा, ५३६. रिव्हर्ब अडीच-तीन सेकंदांचा, सुरुवातीला ३०-४० मिलिसेकंदांची उसंत द्यायची म्हणजे शब्द बुडत नाहीत. रिव्हर्बमधला २५० हर्ट्झखालचा भाग कापायचा, नाहीतर डग्ग्याचा चिखल होतो. डग्ग्याचा ८० हर्ट्झचा घुमारा उतरून ६७ वर गेलेला असतो. तो फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आणि म्हणून लोक बास वाढवत सुटतात.

पार्करची ती रेकॉर्ड

'पण पार्कर?' असं कुणीतरी विचारणारच. चार्ली पार्कर, सॅक्सोफोनवर बीबॉप ही जॅझची शैली घडवणारा, हेरॉइनच्या आहारी गेलेला. त्याच्यामागून आलेल्या कितीतरी तरुणांनी सुई उचलली ती त्याच्यासारखं वाजवता येईल या आशेनं. २९ जुलै १९४६ ला लॉस एंजेलिसमध्ये तो रेकॉर्डिंगला उभा राहिला तेव्हा हेरॉइन मिळत नव्हतं आणि त्या जागी दारू भरलेली होती. 'लव्हर मॅन' ऐका: सुरुवातीची ओळ चुकते, वाक्यं मधेच तुटतात. काहींना त्यात उत्कटता ऐकू येते. ती रेकॉर्ड बाजारात आणली म्हणून पार्कर स्वतः संतापला होता. त्या रात्रीनंतर त्याला कॅमारिलोच्या सरकारी रुग्णालयात सुमारे सहा महिने ठेवलं. बाहेर आल्यावर त्यानं वाजवलेलं नितळ आणि नेमकं आहे. नशेत आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक खोटं बोलतो, हे त्यानंच सांगून ठेवलंय. ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये तो गेला.

हेरॉइन ज्या ग्राहकांवर बसतं, ते वेदना आणि धास्ती मारतात. सुचण्याशी त्यांचं थेट नातं नाही. रात्ररात्र क्लब, वर्णद्वेष, पोलिसांचा ससेमिरा यांत ते का घेतलं गेलं हे समजतं. त्यातून संगीत आलं असं मात्र दिसत नाही. जॉन कोल्ट्रेननं १९५७ मध्ये हेरॉइन आणि दारू सोडली, आणि ज्या कामासाठी आज त्याचं नाव घेतात त्यातलं बहुतेक त्यानंतरचं आहे. आपल्याला आठवतात ते नशा करूनही मोठे झालेले. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली, तेव्हा जे वादक तालमीलाच यायचे बंद झाले, त्यांच्या रेकॉर्डी निघाल्याच नाहीत. उदाहरण म्हणून त्यांची नावं कुठून येणार?

जबडा, कान आणि एमडी

मुंबईत ज्याला एमडी म्हणतात ते बहुधा मेफेड्रॉन असतं, एमडीएमए (एक्स्टसी) नव्हे. २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेतलं जातं, आणि झोप उडते. गाणाऱ्या-फुंकणाऱ्यांच्या दृष्टीनं पहिला फटका जबड्याला: तो आवळला जातो, दात घासतात, तोंड कोरडं. 'आ'कार मोकळा लागत नाही. बासरीवाल्याचे ओठच जुळत नाहीत. कोकेननं नाकातल्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की मधला पडदा सडून भोक पडू शकतं, आणि नाकातला घुमारा बदलतो.

कानाचं नुकसान कुणाच्या लक्षातच येत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. उत्तेजकावर असलेला माणूस थकत नाही, स्पीकरपासून हलत नाही, पाच तास उभा राहतो. घरी जाताना कानात शिट्टी वाजत असते. त्याच कानांनी पहाटे मिक्स करायला बसलं की वरच्या फ्रीक्वेन्सी कमी ऐकू येतात म्हणून त्या वाढवल्या जातात, आणि आठवड्यानं ते गाणं ऐकलं की कान किटतात.

सोडल्यावर

रोज दारू पिणाऱ्यानं कार्यक्रम आहे म्हणून एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन करायचं काम आहे. गर्द सोडलेल्याचा धोका उलटा: महिनाभरानं सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्याच मापानं पुन्हा घेतलं की श्वास थांबतो. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. नशामुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळणाऱ्यांसाठी: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

सोडल्यावर वादकाला एक विचित्र अनुभव येतो: जुनी गाणी हातातून निसटतात. नशेच्या अवस्थेत शिकलेलं त्याच अवस्थेत जास्त चांगलं आठवतं, हे दारूबाबत १९६९ मध्येच प्रयोगातून दिसलं होतं. दोन पेगवर बसवलेला अंतरा कोऱ्या डोक्याला परका वाटतो. लोक इथंच 'बघ, त्याशिवाय जमत नाही' म्हणून परत फिरतात. कला कुठं गेलेली नसते, चाल पुन्हा बसवावी लागते एवढंच. मूळ लयीच्या ७० टक्क्यांवर मेट्रोनोम लावून गाणं आखून घ्यायचं, तीन वेळा सलग स्वच्छ गेलं की ५ टक्के चढायचं. आठ मात्रा ठोका चालू, आठ मात्रा बंद, आणि परत येताना समेवर किती फरक पडला ते रेकॉर्डिंगमध्ये पाहायचं. कार्यक्रमाच्या यादीत पहिलं गाणं नशा सोडल्यानंतर बसवलेलं ठेवायचं, कारण त्याला जुनी आठवण चिकटलेली नसते. आणि स्टँडशेजारी जिथं ग्लास असायचा, तिथं कोमट पाण्याचा थर्मास ठेवायचा. हात सवयीनं तिकडं जातोच.